सासऱ्यांच्या नोटांना इस्त्री करू का?

प्रश्न : माझे सासरे नाशिकरोडच्या नोटप्रेसमध्ये नोकरीला होते. पगारात आलेल्या कोऱ्या नोटा ते बाजूला ठेवायचे. ते गेल्यावर ट्रंकेत एक रुपयाच्या बऱ्याच नोटा, गांधी शताब्दीच्या दहाच्या काही आणि 2016 साली बंद झालेल्या पाचशेच्या आठ नोटा सापडल्या. काही नोटा प्लॅस्टिकच्या अल्बममध्ये आहेत, तो आता चिकट झालाय. काहींना टाचणीची भोकं आहेत, काही मधोमध दुमडल्यात. शेजारी म्हणतात, इस्त्री फिरवा आणि लॅमिनेशन करून घ्या. करू का? या नोटा कोऱ्या म्हणायच्या का?
– एक वाचक, जेलरोड

उत्तर : ताई, इस्त्री नको आणि लॅमिनेशन तर मुळीच नको. लॅमिनेशनचा गोंद उष्णतेने कागदात मुरतो, तो परत निघत नाही. इस्त्रीने घडी दिसेनाशी होते, पण कागदाचा मूळ कस जातो. जिथे छपाई उठावाची आहे तिथे ती दबून सपाट होते. जाणकार नोट तिरप्या उजेडात धरतो तेव्हा जुनी घडी त्याला दिसतेच, वर अनैसर्गिक चकाकीही दिसते. अशी नोट कोरी म्हणून विकणं ही मला सरळ फसवणूक वाटते. धुणं, खोडरबर, सेलोटेप यांनाही हात लावू नका.

दर्जा तुम्हीच पाहू शकता. हात धुऊन कोरडे करा, नोट कडेने धरा, खोलीत अंधार करून टॉर्च बाजूने मारा. एकही घडी नाही, कोपरे टोकदार, कागद करकरीत, तर ती यूएनसी, म्हणजे कोरी. मधोमध एकच हलकी घडी असेल तर एयू, म्हणजे जवळपास कोरी. तीनेक हलक्या घड्या किंवा एक कडक मोड असेल तर एक्सएफ, म्हणजे अतिशय चांगली. त्याहून जास्त वापरलेली, पण अजून थोडा ताठपणा राखून असलेली ती व्हीएफ, म्हणजे बरीच चांगली. परदेशी संस्था 70 पैकी गुण देतात आणि कोऱ्या नोटा 60 पासून सुरू होतात. म्हणजे तुमच्या दुमडलेल्या नोटा कोऱ्या नाहीत, कितीही स्वच्छ दिसल्या तरी. खंत करू नका, एयू नोटही चांगलीच.

टाचणीच्या भोकांची काळजी नको. तेव्हा बँकेत शंभर नोटांची गड्डी टाचूनच यायची, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या कोऱ्या नोटांवर ती भोकं सर्रास दिसतात. भोकातून कागद फाटत गेला असेल किंवा गंज पसरला असेल तर मात्र दर्जा उतरतो.

चिकट अल्बम आजच रिकामा करा. तो पीव्हीसी या प्लॅस्टिकचा असणार. त्यातला तेलकट पदार्थ आणि आम्ल बाहेर पडून कागद खराब करतात. चिकटलेली नोट ओढू नका, प्लॅस्टिकच कापून हलकेच सोडवा. नवी पाकिटं मायलरची, म्हणजे पारदर्शक पॉलिएस्टरची घ्या, एका पाकिटात एकच नोट. नाशिकच्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट आणि माळा दोन्ही टाळा. आत सिलिका जेलची पुडी ठेवा. डांबरगोळ्या नकोत.

अजून एक, आणि हे माझ्या फार जिव्हाळ्याचं आहे. 1928 पासून नाशिकरोडला नोटा छापल्या जातात, त्याआधी त्या इंग्लंडहून यायच्या. त्या प्रेसमधल्या माणसाने स्वतःच्या पगारातून जपलेला संग्रह आहे हा. क्रमाने नंबर लागलेल्या नोटा एकत्रच ठेवा. सासऱ्यांनी पाकिटांवर काही लिहिलं असेल तर ती पाकिटं फेकू नका. घरात जे आठवतं ते वेगळ्या कागदावर लिहून ठेवा, नोटेवर पेन्सिलही नको.

शताब्दीच्या नोटेमागे सेवाग्रामच्या पार्श्वभूमीवर बसलेले गांधीजी आहेत. ती चिकट अल्बममध्ये असेल तर आधी सोडवा, घाई तिचीच आहे. पाचशेच्या आठ नोटांचं म्हणाल तर 2017 च्या कायद्याने बंद झालेल्या दहापर्यंत नोटा कुणालाही बाळगता येतात, अभ्यास किंवा संग्रहासाठी 25 पर्यंत. निर्धास्त ठेवा.