सरीत पाणी उभं, तरी ऊस दुपारी का मान टाकतो?

तुमचा प्रश्न असा : मुलीच्या अकरावीच्या शिकवणीत पेशीपटल म्हणजे बारीक चाळणी असं सांगितलं. मग वाळवा तालुक्यातल्या तुमच्या क्षारपड रानात उसाच्या मुळांनी मीठ बाहेर ठेवून पाणी आत घ्यायला हवं. प्रत्यक्षात सरीत पाणी तुंबलंय आणि पानं सुरळीसारखी वळतायत.

आधी ती चाळणी डोक्यातून काढा. चाळणी फक्त आकार बघते. पेशीपटल हा स्निग्ध रेणूंचा दुहेरी थर, इतका पातळ की एका मिलिमीटरात लाखभर पटलं मावतील. प्राणवायू त्यातून सहज जातो. मिठातल्या सोडियमचा कण एवढासा, पण त्याच्यावर विद्युतभार असतो आणि भोवती पाण्याचे रेणू चिकटलेले असतात. त्या तेलकट थरातून तो जवळजवळ जातच नाही. त्याला प्रथिनांची दारंच लागतात.

त्यातली गंमत म्हणजे पोटॅशियमचं दार. सोडियम पोटॅशियमपेक्षा लहान, तरी त्या दारातून पोटॅशियम जातो आणि सोडियम अडतो. आत ऑक्सिजन अणूंची अशी कडी असते की पोटॅशियम अंगावरचं पाणी उतरवून तिच्यात चपखल बसतो. सोडियमला ती सैल पडते. आता सांगा, कुठली चाळणी मोठं सोडते आणि लहान अडवते?

पाण्याची दारं वेगळी. पीटर अॅग्रे यांनी १९९२ मध्ये रक्ताच्या तांबड्या पेशीतलं एक प्रथिन बेडकाच्या अंडपेशीत बनवून घेतलं. एरवी जेमतेम फुगणारी ती पेशी कमी क्षाराच्या पाण्यात टाकताच फुगून फुटली. पाण्याचं दार सापडलं. २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल अॅग्रे आणि आयनांच्या, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांच्या, दारांवर काम करणारे रॉडरिक मॅकिनन यांना मिळून मिळालं.

आता रानात येऊ. दार उघडं असलं तरी पाणी कुठे जायचं हे दार ठरवत नाही; जिकडे क्षार जास्त तिकडे पाणी ओढलं जातं. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं ना? मातीत क्षार वाढले की मुळांना पाणी ओढणं तसंच जड जातं. हे तुमच्या मुलीच्या पुस्तकातलं परासरण. (शाळेत मीही वर्षानुवर्षं तासगावचे बेदाणे भिजवून हेच दाखवलं. उदाहरण तितकंसं बरोबर नव्हतं : वाळलेल्या बेदाण्यातल्या पेशी मेलेल्या असतात, राखण करायला कुणी उरलेलं नसतं. म्हणून तर भिजवलेलं पाणी गोड लागतं.)

जिवंत पेशीला राखणीची किंमत मोजावी लागते. कुठल्या ना कुठल्या दारातून थोडं सोडियम आत शिरतंच. ते बाहेर फेकायला किंवा पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे साठवणीच्या पिशवीत, कोंडायला मूळ सतत पंप चालवतं. पंपाला ऊर्जा लागते, ऊर्जेला प्राणवायू. पाणी तुंबलं की मातीतली हवा गेली, पंप मंदावले, सोडियम आत साचायला लागलं.

तेवढ्यावर भागत नाही. हवेविना मुळाची पेशी आतून आम्लधर्मी होते आणि त्या आम्लतेने पाण्याची दारंच मिटतात. मोहरीच्या कुळातल्या एका लहान रोपावर हे २००३ मध्येच दाखवलं गेलं. बुडलेलं झाड तहानेनं मान टाकतं ते यामुळेही.

आपले जुने लोक वाफसा आल्याशिवाय, म्हणजे जादा पाणी ओसरून मातीत हवा खेळू लागल्याशिवाय, पुढचं पाणी देत नसत. ऊस कोमेजलेला दिसला म्हणून तुम्ही पुन्हा मोटर चालू करत असाल, तर ती आज बंद ठेवा. आधी चर काढा, जमल्यास भूमिगत निचरा करा. त्याची चौकशी कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात करता येईल. जिप्समची पोती माती तपासल्याशिवाय आणू नका. जमीन नुसती क्षारयुक्त असेल तर त्याचा उपयोग नाही, चोपण (मातीच्या कणांना सोडियम चिकटलेली) असेल तर आहे, आणि तेव्हाही सुटलेलं सोडियम वाहून जायला निचरा लागतोच.

मुलीला सांगा, परीक्षेत पेशीपटलाला ‘निवडक्षम’, म्हणजे कुणाला सोडायचं ते निवडणारं, हाच शब्द लिही. शिकवणीतल्या सरांशी मी बोलेन हवं तर.