ली-एन्फिल्ड नंबर 4 रायफलच्या मार्क 1 आणि मार्क 1/2 मध्ये फरक काय? दिसायला तर दोन्ही सारख्याच वाटतात.

फरक चापात, म्हणजे ट्रिगरमध्ये आहे, आणि नेमका चाप कशाला अडकवलाय यात. ही सुधारणा मला फार आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मी बरीच वर्षं पोलिसांच्या शस्त्रागारात आर्मोरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा होतो. आमच्याकडच्या थ्री-नॉट-थ्री रायफली याच ली-एन्फिल्डच्या जुन्या नंबर 1 मार्क 3 च्या घराण्यातल्या. पावसाळा लागला की एखादा शिपाई हमखास यायचा, "साहेब, चाप वेगळाच लागतोय." स्प्रिंगकाटा लावून बघितलं की त्याचं म्हणणं खरं निघायचं.

या रायफलींचा चाप दोन टप्प्यांत ओढला जातो. चापाच्या डोक्यावर दोन उंचवटे असतात. पहिला सिअरला, म्हणजे आतला ताणलेला घोडा अडवून धरणाऱ्या खिटीला टेकतो आणि साधारण 3 ते 4 पौंडांच्या जोराने तो खाली सरकवतो. मग दुसरा टेकतो, बोटाला अडल्यासारखं जाणवतं, आणि 5 ते 6.5 पौंडांवर गोळी सुटते. सगळी करामत त्या दोन उंचवट्यांच्या आणि सिअरच्या अंतरात आहे, आणि हे अंतर अगदी केसाएवढं असतं.

आता अडचण बघा. सिअर बसतो बॉडीवर, म्हणजे रायफलीच्या मुख्य लोखंडी सांगाड्यावर, पण चाप अडकवलेला असतो खालच्या ट्रिगर गार्डमध्ये, म्हणजे चापाभोवतीच्या लोखंडी कड्यात, एका पिनीवर. बॉडी आणि गार्ड यांच्यामध्ये असतं पुढचं लाकूड. ते दमट हवेत फुगलं की गार्ड खाली जातो, त्याच्याबरोबर चापही जातो आणि अंतर बिघडतं. पुढच्या स्क्रूभोवती लोखंडी कॉलर घालतात ती यासाठीच, पण तिने सगळं भागत नाही. कॉलर आखूड पडली की घोळ, लांब झाली की लाकूड ढिलं. कानशीने एक-एक घासा मारत ती जुळवण्यात माझ्या कितीतरी दुपारी गेल्या.

नंबर 4 मार्क 1 मध्ये हीच जुनी मांडणी राहिली. 1939 साली ही रायफल मंजूर झाली आणि महायुद्धात लाखोंनी बनली. त्या घाईत मांडणी बदलत बसायला कोणाला सवड होती? युद्धानंतर ब्रिटिशांनी चाप गार्डमधून काढून थेट बॉडीखाली टांगला. सिअर आणि चाप दोन्ही एकाच लोखंडावर आले. लाकूड फुगो की आटो, त्यांच्यातलं अंतर तेच राहतं. अशा नव्या रायफली, म्हणजे मार्क 2, लिव्हरपूलजवळच्या फझाकर्लीत 1949 पासून बनू लागल्या. जुन्या मार्क 1 वर हाच बदल केला की ती मार्क 1/2, आणि मार्क 1* वर, म्हणजे मार्क 1 च्याच सोप्या केलेल्या आवृत्तीवर केला की मार्क 1/3.

पुन्हा बघायला गेलात तर ट्रिगर गार्डच्या बाजूला, चापाच्या अगदी वर, नजर टाका. तिथे आडवी पिन दिसली तर चाप जुन्या पद्धतीचा. 1/2 च्या गार्डवर ती पिन नसते. शिवाय बॉडीच्या डाव्या अंगाला नवा मार्क बहुधा विजेच्या लेखणीने कोरलेला असतो, हाताने लिहिल्यासारखा, थोडा वाकडातिकडा.