गणपतीत चाकरमानी जेवतात, कलमं नाही

प्रश्न : ताई, राजापूरजवळ कातळावर आमची हापूसची ४० कलमं आहेत, वीस-बावीस वर्षांची. मी डोंबिवलीला नोकरीला. गणपतीत गावी आलो की प्रत्येक कलमाच्या बुंध्याशी चार किलो युरिया घालतो. दोन वर्षं झाली, झाडं हिरवीगार, पण मोहोर मोजक्याच फांद्यांवर. शेजारी म्हणतात कल्टार घाला. घालू का?

उत्तर : भाऊ, खत चांगलं घालता, पण वेळ चुकते. कलमाचं जेवण मिरगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला. पावसाच्या शेवटी युरिया मिळाला की झाड ऑक्टोबर-नोव्हेंबरात कोवळी पालवी काढत बसतं. मोहोर जून झालेल्या, पक्व काडीवर येतो. थंडी पडते तेव्हा तुमची काडी अजून तांबूस, लुसलुशीत. ती मोहरणार कशी?

दुसरं, नुसता युरिया म्हणजे पानात नुसता भात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस दहा वर्षांवरच्या कलमाला ५० किलो शेणखत, दीड किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद आणि एक किलो पालाश अशी आहे. दुकानाच्या भाषेत सव्वातीन किलो युरिया, तीन किलो सिंगल सुपर फॉस्फेट, दोन किलो सल्फेट ऑफ पोटॅश. आपल्या जांभ्या मातीतलं लोह स्फुरदाला घट्ट धरून ठेवतं, म्हणून सुपर फॉस्फेट मी शेणखतात कालवूनच घालते.

आणि बुंध्याशी नको. खाणारी मुळं तिथे नसतात. दुपारी बाराची सावली जिथे संपते तिथून हातभर आत, वीतभर खोल गोल चर काढायचा, खत टाकून मातीने बुजवायचा. कातळावर पहार चालणार नाही तिथे, कलमाभोवतीच्या दगडी गडग्याच्या आत जी मातीची भर आहे तिच्यातच पसरा आणि वर माती ओढा. पाऊस कोसळत असेल त्या दिवशी हात लावू नका, युरिया वहाळात जाईल.

मिरगाला रजा मिळत नसेल तर गडी ठरवा; पण चर आधी काढून घ्या आणि खत घालताना घरचं कुणीतरी उभं राहू दे. माझ्याकडे एका वर्षी गड्याने अख्खी गोण चार कलमांत संपवली होती!

आता कल्टार. ते खत नव्हे, झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारं औषध आहे. हापूसला ते १५ जुलै ते १५ ऑगस्टदरम्यान घालतात, म्हणजे तुम्ही गावी पोचेपर्यंत ती वेळही बहुतेक टळलेली असते. मात्रा विस्ताराच्या दर मीटर व्यासाला ३ मिली. आठ मीटरचं कलम असेल तर २४ मिली. सासऱ्यांच्या पश्चात मी हौसेने ११ कलमांना ते घातलं आणि खताला पैसे उरले नाहीत. दोन वर्षं पेट्या भरल्या, तिसऱ्या वर्षी पानं बारीक, शेंडे वाळलेले. त्यातली दोन कलमं अजून पूर्ण सावरलेली नाहीत. येत्या मिरगाला पोटभर खत द्या, कल्टारचं त्यानंतरच्या वर्षी बघू. यंदा गणपतीत आलात तर बांडगुळं तेवढी काढा.

प्रश्न : फळ गोटीएवढं झालं की गळतं. काय फवारू? (एक वाचक भगिनी, देवगड तालुका)

उत्तर : थोडी गळ होणारच, झाडाला सगळी पोरं पोसवत नाहीत. फळ वाटाण्याएवढं, गोटीएवढं आणि अंड्याएवढं असताना, असं तीनदा पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे १३:०:४५, दहा लिटर पाण्यात १०० ग्रॅम घेऊन फवारा. मूठभर जास्त टाकू नका, पानं करपतात. पाण्याची सोय असेल तर वाटाण्यापासून दर पंधरा दिवसांनी कलमामागे दीडशे ते दोनशे लिटर, आणि काढणीच्या महिनाभर आधी बंद.