सिलिकॉन, सिलिकोन आणि आपली तवकील

प्रश्न : केस-नखांच्या गोळ्यांच्या डबीवर ‘सिलिका’ छापलेले असते, जाहिरातीत ‘सिलिकॉन’ म्हणतात, आणि एका आरोग्यविषयक लेखात ‘सिलिकोन’ वाचले. तिन्ही एकच का? ‘ट्रेस मिनरल’ला ‘सूक्ष्म क्षार’ म्हणणे बरोबर आहे का? आणि सिलिकॉनला आपला काही शब्द आहे का?

उत्तर : एकच नाहीत, मुळीच नाहीत. सिलिकॉन हे मूलद्रव्य. सिलिका हे त्याचे ऑक्सिजनशी झालेले संयुग, म्हणजे वाळू, गारगोटी, स्फटिक. सिलिकोन हा कारखान्यात होणारा रबरासारखा किंवा तेलासारखा पदार्थ. केकचे लवचीक साचे त्याचेच. हे नाव विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेडरिक किपिंग या इंग्रज रसायनज्ञाने ‘कीटोन’ या कार्बनी संयुगांच्या वर्गाच्या नावाच्या धर्तीवर पाडले, म्हणून त्याच्या शेवटी ‘ओन’. सिलिकॉनमधला ‘ऑन’ वेगळ्या घरचा. हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनज्ञाने 1808 मध्ये हे मूलद्रव्य धातू असेल असे समजून ‘सिलिशियम’ सुचवले होते. ते कार्बन आणि बोरॉनच्या पंक्तीतले आहे असे म्हणून टॉमस टॉमसन या स्कॉटिश रसायनज्ञाने 1817 मध्ये शेपूट बदलले. मूळ लॅटिन ‘सिलेक्स’, म्हणजे आपली गार, चकमकीचा दगड. ‘हाडांसाठी सिलिकोन घ्या’ असे छापणे म्हणजे रक्त वाढावे म्हणून पोलाद खायला सांगणे. महिन्यातून दोनदा तरी हे माझ्या वाचनात येते आणि दर वेळी संताप होतो.

‘सूक्ष्म क्षार’ तर दोन्हीकडून चुकले. सूक्ष्म हे आकाराचे विशेषण आहे. सूक्ष्मजीव सूक्ष्म असतात, कारण ते डोळ्यांना दिसत नाहीत. इथे प्रश्न प्रमाणाचा आहे, आणि त्याला ‘लेश’ हा नेमका शब्द आपल्याकडे आहे. लेशमात्र म्हणतो तोच. लेशखनिज म्हणा. प्रौढ माणसाच्या अख्ख्या शरीरात सिलिकॉन एक-दोन ग्रॅम, हाच तो लेश. आणि क्षार? आहारावर लिहिणारे पाण्यातल्या प्रत्येक खनिजाला सरसकट क्षार म्हणतात. आपल्या शरीरात शोषला जातो तो सिलिकॉन पाण्यात विरघळलेल्या ऑर्थोसिलिसिक आम्लाच्या रूपात असतो. आम्लाला क्षार म्हणायचे ही कुठली परिभाषा? रूढ झाले आहे म्हणून चालवून घ्या, असे एका परिभाषाकोशाच्या संपादकांनी मला सुनावले होते. रूढी मलाही मान्य आहे, पण अर्थ उलटा करणारी नाही.

शरीराला ते हवेच का, हे थोडक्यात सांगतो. 1972 मध्ये कोंबडीच्या पिल्लांना आणि उंदरांना सिलिकॉन नसलेला आहार दिला, तेव्हा त्यांची वाढ खुंटली आणि हाडांची घडण बिघडली. माणसासाठी ते अत्यावश्यक असल्याचे मात्र अजून सिद्ध झालेले नाही आणि रोजची शिफारस केलेली मात्राही ठरलेली नाही. धान्याचा कोंडा, ओट, फरसबी आणि पिण्याचे पाणी यांतून ते सहज मिळते. केळ्यातही असते, पण त्यातले फारच थोडे अंगी लागते.

आता तुमचा तिसरा प्रश्न, आणि खरी मौज त्यातच आहे. मूलद्रव्याला आपला शब्द नाही. पण खाण्याच्या सिलिकेला आहे, आणि फार जुना आहे : वंशलोचन. काही जातींच्या वेळूच्या पेरांत रस साठून सुकतो आणि त्याचे पांढुरके खडे होतात. ते बहुतांशी सिलिकाच असतात. हे नाव ऐकून लोक डोळ्यांचे औषध समजतात; एका वनौषधींच्या पुस्तकात तर ‘वेळूचा डोळा’ अशी व्युत्पत्ती दिलेली पाहिली. डोळ्याचा इथे संबंध नाही. मूळ शब्द वंशरोचना, आणि ही रोचना गोरोचनातली, म्हणजे गाईच्या पित्तातल्या पिवळ्या खड्याच्या नावातली. ‘र’चा ‘ल’ झाला इतकेच.

याचेच दुसरे नाव त्वक्‌क्षीर किंवा तवक्षीर : सालीचे दूध. हाच शब्द फारसी-अरबीत ‘तबाशीर’ झाला. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात तबाशीरवर एक संवादच लिहिला आहे. इथले लोक त्याला वेळूची साखर म्हणतात, हे त्याने टिपले. पण तबाशीर हा शब्द मूळचा फारसी ठरवला. इथे ओर्ता चुकला असे माझे ठाम मत आहे. ‘शीर’ म्हणजे फारसीत दूध, खरे. पण तो आपल्या क्षीराचा सख्खा भाऊ. ‘तबा’चे काय? त्याचा उलगडा ‘त्वक्’नेच होतो. शिवाय वस्तू वेळूच्या मुलखातली, तर नावही तिथलेच असणार. पुढे अरबीत ‘तबाशीर’चा अर्थ पांढरा खडू असा झाला. आज कैरोतला मास्तर फळ्यावर लिहितो तो तबाशीरनेच, आणि तुर्कीत खडूला ‘तेबेशीर’ म्हणतात. आपल्या वेळूच्या बनातला शब्द पार तिथल्या फळ्यापर्यंत गेला! 1791 मध्ये हिंदुस्थानातून गेलेल्या तबाशीराचे लंडनमध्ये पृथक्करण करून तो गारेच्याच जातीचा आहे असे दाखवणारा जेम्स मेसी हा पुढे स्मिथसन नाव घेणारा, ज्याच्या पैशातून वॉशिंग्टनची स्मिथसोनियन संस्था उभी राहिली तोच.

मराठीत या तवक्षीराचे तवकीर झाले आणि मग पुन्हा तोच ‘र’चा ‘ल’ : तवकील. पण आपली उपासाची तवकील म्हणजे कंदाचे सत्त्व, निव्वळ पिष्ट. पांढरेपणावरून नाव घसरले आणि नावामागून मालही. खोकल्यावरच्या सितोपलादी चूर्णात एकतीस भागांपैकी आठ भाग वंशलोचन सांगितले आहे, तिथे आज पुष्कळदा तवकीलच पडते. दुकानातून वंशलोचन आणलेत तर चिमूटभर पूड पाण्यात उकळून बघा. खळ झाली, तर ती तवकील.