वाटणाआधीचा वाटा

कुत्र्याच्या खाण्याविषयी वाचकांचे प्रश्न. या वेळी किनारपट्टीवरून आलेली निवडक पत्रं.

प्रश्न : आमच्याकडे गावठी कुत्रा आहे, वय ४ वर्षं, वजन १५ किलो. घरात उरेल ते खातो. रोज माशाची कढी-भात, रविवारी कोंबडीचा रस्सा. शेजारी सांगतात की कांदा कुत्र्याला विष असतो. आमच्या कुत्र्याला तर आजवर काहीच झालेलं नाही. (मालवण)

उत्तर : शेजारी बरोबर सांगतात. कांदा-लसणातल्या गंधकयुक्त द्रव्यांमुळे कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. शिजवून, भाजून, सुकवून ती द्रव्यं नाहीशी होत नाहीत. उलट भाजलेल्या वाटणातलं पाणी उडालेलं असतं, त्यामुळे चमचाभर वाटणात चमचाभर कच्च्या कांद्यापेक्षा जास्त कांदा असतो. वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक कांदा एका वेळी पोटात गेला की रक्तावर परिणाम होऊ शकतो. तुमच्या कुत्र्याच्या बाबतीत तो ७५ ग्रॅम, म्हणजे एक मध्यम कांदा. थोडा थोडा पण रोज खाल्ला तरी नुकसान साचत जातं. लसूण त्याहून तीव्र. लक्षणं बहुधा दोन-चार दिवसांनी दिसतात : हिरड्या फिकट पडतात, लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते, चार पावलांत धाप लागते. तोवर रविवारचा रस्सा कुणाच्या लक्षातही नसतो, म्हणून ‘काहीच झालं नाही’ यावर फार विसंबू नका.

तुमच्या ताटातला मासा, कोंबडी, भात यांत दोष नाही. दोष वाटणात, मिठात आणि तिखटात आहे. म्हणून कुत्र्याचा वाटा वाटण पडण्याआधी वेगळा काढायचा. मासा साफ करून साध्या पाण्यात ८-१० मिनिटं उकळा, निवल्यावर बोटांनी चाचपून काटे काढा आणि बिनमिठाच्या भातात कुस्करा. कोंबडी शिजवल्यावर हाडं काढाच. शिजलेलं हाड ठिसूळ होऊन टोकदार चिरफळ्या उडतात आणि त्या आतड्यात रुततात.

प्रमाण विचाराल तर १५ किलोच्या, बेताच्या हिंडत्याफिरत्या कुत्र्याला दिवसाला सुमारे ८५० कॅलरी लागतात. शिजवलेलं बिनहाडाचं चिकन किंवा मासा २५०-३०० ग्रॅम, दीड वाटी मऊ भात, अर्धी वाटी उकडलेला तांबडा भोपळा आणि चमचाभर तेल यांत त्या भागतात. भाताऐवजी अधूनमधून नाचणीची बिनमिठाची आंबील चालते. मात्र या जेवणात कॅल्शियम फार कमी पडतं. अंड्याची टरफलं १० मिनिटं उकळा, वाळवा, तव्यावर कोरडी भाजा आणि मिक्सरमध्ये पिठासारखी दळून चाळून घ्या. सपाट अर्धा चमचा रोज पुरे, त्यातून साधारण १ ग्रॅम कॅल्शियम मिळतं. जस्त, आयोडीन आणि काही जीवनसत्त्वांची उणीव तरीही राहते, ती भरून काढायला पशुवैद्यांकडून पूरक पावडर लिहून घ्या. वाढत्या पिल्लाला हे माप लावू नका. त्याच्या हाडांना कॅल्शियम कमी पडलं तरी त्रास, जास्त झालं तरी त्रास.

आंबटाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगायला हवं. चिंचेत टार्टारिक आम्ल भरपूर असतं. द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होतात त्यामागे हेच आम्ल असावं, असं आता मानलं जातं. चिंच खाऊनही मूत्रपिंडं बिघडल्याच्या नोंदी आहेत. कोकमातलं मुख्य आम्ल वेगळं आहे, पण आमसुलं मिठात मुरवलेली असतात आणि सोलकढीत लसूण-मिरची असते. तेव्हा तीही नको.

प्रश्न : सुकी मासळी, तारलीचे काटे, कच्ची मासळी यांतलं काय चालेल? बंदरावर तर कुत्री सगळंच खातात. (हर्णै)

उत्तर : खारा बांगडा नको. शरीराच्या दर किलोमागे २ ते ३ ग्रॅम मीठ गेलं की विषबाधेची लक्षणं दिसू शकतात, आणि खारवलेला मासा मिठानेच भरलेला असतो. भिजवून पाणी टाकलं तरी मीठ पुरतं निघत नाही. वलांडीवर, म्हणजे उंच बांधलेल्या दोरांवर, बिनमिठाचा वाळवलेला बोंबील चालतो : धुवा, अर्धा तास भिजवा, शिजवा, मधला काटा काढा. वाळूवर पसरून सुकवलेला जवळा मात्र तीन-चार पाण्यांतून काढल्याशिवाय देऊ नका. पोटात साचलेली वाळू आतडं तुंबवते.

तारलीचे काटे एकेक काढणं जिकिरीचं, म्हणून कुकर वापरा. शिटी झाल्यावर मंद आचेवर ४५ मिनिटं ठेवा. पाठीचा काटा दोन बोटांत दाबून त्याचा भुगा झाला तरच तो मासा काट्यासकट द्या, आणि त्या दिवशी अंड्याच्या टरफलाची पूड देऊ नका. तारलीसारखे काही मासे रोज कच्चे दिले तर त्यांतलं एक विकर (एन्झाइम) ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतं. शिजवल्यावर ते विकर निष्प्रभ होतं. बर्फाविना दुपारपर्यंत पडून राहिलेल्या बांगड्याची गोष्ट उलटी आहे. त्यात तयार झालेलं हिस्टामीन हे बाधक द्रव्य उकळूनही जात नाही. ‘आम्हाला नको, कुत्र्याला घाल’ हा हिशेब इथे चुकतो.

रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढल्यावर किनाऱ्यावर टाकून दिलेल्या केंड माशापासून कुत्र्याला लांब ठेवा. फुगणाऱ्या या माशाच्या विषावर उतारा नाही आणि शिजवूनही ते जात नाही.

प्रश्न : हंगामात आंबे, फणस, काजू सगळीकडे पडलेले असतात. (देवगड)

उत्तर : हापूसचा गर चालतो, साल नको. बाठा तर कधीच टाकू नका. तो गिळला गेला तर आतड्यात अडकतो आणि बहुधा ऑपरेशनच करावं लागतं. खाऊ कुठलाही असो, तो दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या हिश्शाच्या आत ठेवा. १५ किलोच्या कुत्र्याला तो हिस्सा म्हणजे साधारण १३० ग्रॅम आंबा, किंवा एक उकडलेलं अंडं, किंवा दोन चमचे ओलं खोबरं. हे तिन्ही मिळून नव्हे, यांपैकी एकच. खोबऱ्यात चरबी फार, त्यामुळे जास्त झालं की जुलाब, आणि काही कुत्र्यांना स्वादुपिंडाचा दाह. शेंडी आणि करवंटी चघळायला देणारे पुष्कळ आहेत. देऊ नये, तंतू पोटात गोळा होतात.

फणसाचा एखादा गरा आठळी काढून चालेल. भाजलेले बिनमिठाचे दोन-तीन काजूगर चालतात. कच्च्या काजूबीच्या टरफलातलं तेल तोंड भाजवतं. बोंडू, म्हणजे काजूचं फळ, ताजा असेल तर तुकडाभर ठीक, पण झाडाखाली आंबलेल्या बोंडांच्या राशीत कुत्र्याला सोडू नका. त्यात दारूच तयार झालेली असते.

प्रश्न : वाळत घातलेली सुपारी कुत्रा चघळतो. (श्रीवर्धन)

उत्तर : खळ्याला कुंपण घाला. सुपारीतल्या अरेकोलीनमुळे लाळ गळते, उलट्या-जुलाब होतात, नाडी मंदावते. हेच द्रव्य पूर्वी कुत्र्यांच्या पोटातले पट्टकृमी पाडायला औषध म्हणून देत. आता सुरक्षित औषधं आहेत, तेव्हा ‘जंत पडतील’ म्हणून सुपारी खाऊ देऊ नका.

प्रश्न : गणपतीत कुत्र्याने बेदाणे घातलेले मोदक खाल्ले. दवाखाना दीड तासावर. मिठाचं पाणी पाजून उलटी करवावी का? (गुहागर)

उत्तर : नाही. उलटी झाली नाही तर ते सगळं मीठ अंगात राहतं आणि एका विषबाधेच्या जागी दोन होतात. बेदाणे किती खाल्ले तर सुरक्षित, असं माप नाही. एकाला मूठभर पचतात, दुसऱ्याची मूत्रपिंडं थोड्यांनी बसतात. पहिल्या दोनेक तासांत डॉक्टर इंजेक्शनने उलटी करवू शकतात, म्हणून लक्षणांची वाट न पाहता आधी फोन करा आणि लगेच निघा. वजन, खाल्ल्याची वेळ, मोदकांची संख्या आणि प्रत्येकात अंदाजे किती बेदाणे, हे कागदावर लिहून न्या. चॉकलेट किंवा बिनसाखरेचं च्युइंगगम खाल्लं असेल तर वेष्टनही न्या. अशा च्युइंगगममधल्या झायलिटॉल या साखरेऐवजी घातलेल्या गोड द्रव्याने रक्तातली साखर अर्ध्या तासातही कोसळू शकते.

प्रश्न : पोट बिघडलं तर उकड्या तांदळाची पेज द्यावी का? (वेंगुर्ले)

उत्तर : द्यावी, पण मीठ, तूप आणि सोबतचं लोणचं वगळून. पाव वाटी मऊ पेजेत दोन चमचे कुस्करलेलं चिकन घालून दर तीन-चार तासांनी द्या. थोडं ताजं ताक चालतं, दूध नको. वयाने मोठ्या झालेल्या पुष्कळ कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही. दोन दिवसांत फरक पडला नाही, शौचात रक्त दिसलं किंवा पिल्लू असेल तर घरगुती उपाय थांबवा. पिल्लाच्या उलट्या-जुलाबांमागे पार्व्हो हा विषाणूजन्य आजार असू शकतो, तिथे त्याच दिवशी सलाईन लागतं.