हाकेला ओ देईल असं नाव

वाचकांचे प्रश्न

नोव्हेंबर-डिसेंबर हे ध्रुवीय अस्वलांच्या बाळंतपणाचे महिने. पुढे वसंत आला की कुठल्या ना कुठल्या प्राणिसंग्रहालयाकडून ‘पिल्लाला नाव सुचवा’ असं आवाहन होतं, आणि परदेशातले आपले वाचकही त्यात हौसेने भाग घेतात. या विषयावर आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत.

आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसं होतं. मग या पिल्लांचं नाव जाहीर व्हायला तीन-चार महिने का लागतात? (एक वाचक, ठाणे)

कारण तोवर नाव ठेवण्याजोगं काही हाती आलेलं नसतं. जन्मताना पिल्लू 600-700 ग्रॅमचं असतं, म्हणजे अर्धा किलो साखरेच्या पुडीपेक्षा थोडंसंच जड. डोळे मिटलेले असतात, ते उघडायलाच महिना जातो. मादी गुहेत पिल्लांना पोटाशी धरून पडलेली असते आणि काही खात नाही. या काळात दार वाजलं, अनोळखी वास आला तरी ती बिथरून पिल्लांना टाकून देऊ शकते. म्हणून गुहेत कोणीही जात नाही. अंधारात चालणाऱ्या कॅमेऱ्यावर जे दिसेल आणि माइकवर जे ऐकू येईल, तेवढ्यावरच कीपर, म्हणजे प्राण्यांची देखभाल करणारी मंडळी भागवतात. पिल्लं दूध पिताना एकसुरी गुरगुर करतात. तो आवाज चालू आहे, हीच त्या दिवसांतली सर्वांत चांगली बातमी.

पहिल्या काही आठवड्यांत बरीच पिल्लं दगावतात. बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात 5 डिसेंबर 2006 ला जुळी जन्मली. आईने दोघांनाही टाकलं. एक चौथ्या दिवशी गेलं आणि दुसरं कीपरने बाटलीवर वाढवलं, तोच जगभर गाजलेला क्नुट. त्याच शहरातल्या टिअरपार्क या दुसऱ्या प्राणिसंग्रहालयात नोव्हेंबर 2016 मध्ये जन्मलेल्या फ्रिट्झचं नाव मोठ्या हौसेने ठरलं आणि चार महिन्यांचा असतानाच तो गेला. तिथेच 1 डिसेंबर 2018 ला झालेल्या पिल्लाचं ‘हेर्था’ हे नाव एप्रिल 2019 मध्ये जाहीर झालं. ही सावधगिरी योग्यच आहे.

दुसरं कारण नर-मादीचं. तीन महिन्यांच्या सुमारास आईला शेजारच्या खोलीत खाऊ देऊन काही मिनिटं अडकवतात आणि तेवढ्यात पिल्लाचं वजन, जंताचं औषध, मायक्रोचिप आणि लिंगतपासणी उरकतात. या वयात अंगावर इतकी दाट लव असते की अनुभवी डोळेही फसतात. जपानमधल्या सापोरोत जन्मलेल्या एका पिल्लाचं नाव बेसबॉलपटू त्सुयोशी शिंजो याच्यावरून ‘त्सुयोशी’ ठेवलं. अर्थ बलवान, नाव अगदी पुरुषी. पुढे कुशिरोच्या प्राणिसंग्रहालयात तिथल्या मादीशी जोडी जमेना, म्हणून 2008 साली तपासणी केली तर त्सुयोशी स्वतःच मादी निघाली. नाव मात्र तेच राहिलं. 1949 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जन्मलेली ब्रूमास मादी होती, पण वर्तमानपत्रं तिला ‘तो’च म्हणत राहिली. तेव्हा केसाच्या मुळाची डीएनए तपासणी होईपर्यंत नर-मादी दोघांनाही चालेल असंच नाव मनात धरावं.

कुत्र्याला शिकवताना दोन अक्षरी नाव ठेवा असं सांगतात. अस्वलालाही तेच लागू आहे का? (एक वाचक, पुणे)

लागू आहे, आणि इथे त्याची गरज जास्त आहे. मोठ्या अस्वलाच्या पिंजऱ्यात माणूस कधीच शिरत नाही. रक्त काढणं, दात बघणं, पंजा तपासणं हे सगळं जाळीतून होतं. अस्वल आपणहून जाळीशी आलं नाही तर प्रत्येक वेळी भूल द्यावी लागते आणि भूल जोखमीची असते. म्हणजे नाव हे उपचाराचं साधन आहे.

दोन अक्षरं, फार तर तीन. शेवट मोकळ्या स्वराचा असावा, म्हणजे लांबवून हाक मारता येते: नोरा, हेर्था, सिकू. जोडाक्षरांनी भरलेलं नाव थंडीत, तोंडाला मफलर बांधलेल्या कीपरला नीट उच्चारता येत नाही. तिथे वापरल्या जाणाऱ्या आज्ञांशी नाव जुळता कामा नये. ‘टार्गेट’ ही आज्ञा रोजची असेल तर ‘टारा’ हे नाव बाद. जुळ्यांची नावं ऐकायला अगदी वेगळी हवीत. हिमा आणि हेमा अशी जोडी कागदावर गोड दिसते, पण जाळीशी दोन्ही अस्वलं एकदम येतात, एकाचा मासा दुसरं ओढतं आणि शिकवणीवर पाणी पडतं.

नाव शिकवायची पद्धत साधी आहे. आधी शिट्टीचा अर्थ शिकवायचा: शिट्टी वाजली की लगेच माशाचा तुकडा. हे पक्कं झालं की नाव एकदाच, नेहमीच्या सुरात घ्यायचं. अस्वलाने मान वळवली त्या क्षणी शिट्टी, मग मासा. पाच-पाच मिनिटांच्या दोन बैठका रोज पुरतात, पोट भरल्यावर त्याचं लक्ष राहत नाही. मान वळू लागली की मग एक पाऊल पुढे आल्याशिवाय शिट्टी नाही, असं करत जाळीपर्यंत आणायचं. दोन अस्वलं असतील तर दोघांच्या जागा ठरवून टाकायच्या आणि ज्याचं नाव घेतलं त्यालाच तुकडा द्यायचा.

बिघडतं ते दोन ठिकाणी. रागावताना नाव घेतलं, किंवा नाव घेऊन नुसतंच दार लावून टाकलं, की नावाचा संबंध नकोशा गोष्टीशी जुळतो. आणि खंदकापलीकडून प्रेक्षक दिवसभर तेच नाव ओरडत असतात. हाक मारली आणि काहीच मिळालं नाही, असं दिवसातून शेकडो वेळा झालं की अस्वल त्या आवाजाकडे दुर्लक्ष करायला शिकतं. गर्दीच्या ठिकाणी म्हणूनच जाहीर नाव एक आणि कामाची हाक वेगळी ठेवावी. आपल्याकडे कागदावरचं नाव वेगळं आणि घरात बाळ्या, तसंच.

यात स्कॉटलंडच्या हायलँड वाइल्डलाइफ पार्कमधलं ‘हेमिश’ हे नाव मला विशेष आवडतं. डिसेंबर 2017 मध्ये तिथे जन्मलेलं ते पिल्लू ब्रिटनमधलं पंचवीस वर्षांतलं पहिलं. नाव लोकांच्या मतांनी ठरलं. गेलिक भाषेत मूळ नाव शेमस, आणि हेमिश हे त्याचं संबोधन विभक्तीतलं रूप, म्हणजे ‘अरे शेमस!’ मुळात हाक मारण्यासाठीच घडलेला शब्द आहे तो.

इथे कॅनडात अस्वलांना इनुइट भाषेतली नावं ठेवतात. नानुक, सिकू ही नावं अर्थाने कशी आहेत? (एक वाचक, टोरांटो)

‘नानुक’ म्हणजे ध्रुवीय अस्वलच. ते नाव अनेक ठिकाणी ठेवलेलं आहे आणि आमच्या मते ते आळसाचं नाव आहे. वाघाचं नाव ‘वाघ’ ठेवल्यासारखं. (हेमिशचा बाप आर्क्टोस, तेही ग्रीकमध्ये ‘अस्वल’च.) शिवाय मूळ शब्दातला शेवटचा आवाज साधा ‘क’ नाही, तो घशाच्या पार मागून येतो.

‘सिकू’ म्हणजे समुद्रावरचा बर्फ, आणि हे नाव खरोखर चांगलं आहे. याच बर्फावर उभं राहून अस्वल सीलची शिकार करतं. बर्फ उशिरा धरला, लवकर फुटला, की उपासमार. डेन्मार्कमधल्या स्कँडिनेव्हियन वाइल्डलाइफ पार्कमध्ये 22 नोव्हेंबर 2011 ला जन्मलेल्या पिल्लाला हे नाव दिलं. तापमानवाढीबद्दल बोलायला त्याहून नेमका शब्द मिळणं कठीण. याच भाषेतले आणखी शब्द हवे असतील तर ‘अपुत’ म्हणजे जमिनीवर पडलेलं बर्फ, ‘सिला’ म्हणजे हवा, बाहेरचं जग. पण परक्या भाषेतला शब्द उचलताना ती भाषा बोलणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. शब्दकोशात अर्थ मिळतो, पण तो शब्द लोक कुठल्या प्रसंगी वापरतात ते मिळत नाही.

तुमच्या शहरात जन्मलेल्या जूनो या अस्वलाचं नाव वेगळ्या वाटेने आलं. तिचा जन्म 11 नोव्हेंबर 2015 चा, म्हणजे कॅनडाच्या सैनिकांच्या स्मरणदिनाचा. जून 1944 मध्ये नॉर्मंडीत कॅनडाचं सैन्य ज्या किनाऱ्यावर उतरलं त्या जूनो बीचवरून ते नाव आहे. दोन अक्षरं, शेवट मोकळा, आणि त्या देशाला जिव्हाळ्याचा अर्थ. यात सुधारण्यासारखं काही नाही.

आमच्या चौथीच्या वर्गात उत्तर ध्रुवावर भित्तिपत्रक करतोय. त्यातल्या अस्वलाला अस्सल मराठी नाव सुचवाल का? (एक शिक्षिका, सांगली)

बाई, मुलांना आधी आकाशातले सप्तर्षी दाखवा. ऋग्वेदात या ताऱ्यांना ‘ऋक्ष’ म्हटलं आहे आणि संस्कृतात ऋक्ष म्हणजे अस्वलही. जांबवान ऋक्षराज म्हणवतो तो याच अर्थाने. ग्रीक ‘आर्क्टोस’ आणि आपला ‘ऋक्ष’ हे एकाच मुळातून फुटलेले शब्द आहेत, आणि ग्रीकांनीही त्या तारकासमूहात अस्वलच पाहिलं. त्या अस्वलाखालचा प्रदेश म्हणून आर्क्टिक. त्यामुळे ‘जांबू’ हे नाव आम्ही मनापासून सुचवू. हाकेला सोपं आहे आणि मुलांना जांबुवंत ठाऊक असतो. ‘ध्रुव’ अर्थाने नेमकं आहे, पण हाक मारून पाहा: शेवटचा ‘व’ हवेत विरतो. मादी असेल तर ‘गारा’ घ्या. पावसाळ्याच्या तोंडावर पडणाऱ्या गारा मुलांनी हातात धरलेल्या असतात.

‘शुभ्रा’, ‘कापूस’ अशी रंगावरची नावं टाळा. अस्वलाचा केस पांढरा नसतोच. तो बिनरंगी असून आत पोकळ असतो, आणि खालची कातडी काळी असते. वय वाढलं, सीलची चरबी अंगाला लागली की अंग पिवळसर दिसतं. सिंगापूरच्या प्राणिसंग्रहालयात तर 2004 साली शेबा आणि तिचा मुलगा इनुका ही दोन्ही अस्वलं हिरवी झाली होती! दमट हवेत केसांच्या पोकळीत शेवाळ वाढलं होतं, ते हायड्रोजन पेरॉक्साइडने घालवावं लागलं. इनुका 26 डिसेंबर 1990 चा, उष्ण कटिबंधात जन्मलेलं पहिलं ध्रुवीय अस्वल. तो 27 वर्षं जगला. ‘छोटू’, ‘पिंटू’ सुचवणाऱ्या मुलांना हा आकडा सांगा, आणि हेही की पूर्ण वाढलेला नर चारशे ते सहाशे किलोंचा होतो.

भित्तिपत्रकात पेंग्विन काढू नका, तो दक्षिणेकडचा.

म्युनिकच्या हेलाब्रुन प्राणिसंग्रहालयात 2016 च्या पिल्लाचं नाव ‘क्विंटाना’ का? आणि नावासाठी लोकांची मतं घ्यावीत का? (एक वाचक, म्युनिक)

तिथे दर वर्षाला एक अक्षर ठरलेलं असतं. 2013 ला एन होता, म्हणून त्या डिसेंबरातली जुळी नेला आणि नोबी झाली. 2016 ला क्यू आला. अडचणीचं अक्षर, पण नावावरूनच जन्मवर्ष कळतं, ही मोठी सोय. तरीही नावावर ओळख अवलंबून नसते. प्रत्येक अस्वलाला मायक्रोचिपचा क्रमांक असतो आणि आंतरराष्ट्रीय वंशावळीच्या नोंदवहीत, म्हणजे स्टडबुकमध्येही क्रमांक असतो. ती नोंदवही जर्मनीतल्या रोस्टोकचं प्राणिसंग्रहालय सांभाळतं. जोड्या जुळवताना हे क्रमांक बघतात.

मतं जरूर घ्यावीत, पण मोकळं रान देऊ नये. 2016 साली ब्रिटनने आपल्या ध्रुवीय संशोधन जहाजासाठी नावं मागवली आणि ‘बोटी मॅकबोटफेस’ हे थट्टेचं नाव पहिलं आलं. शेवटी जहाजाला डेव्हिड अ‍ॅटनबरो यांचं नाव दिलं, आणि ते थट्टेचं नाव त्यावरच्या एका छोट्या पाणबुडीला गेलं. मतं मागून ती बाजूला ठेवली की लोक दुखावतात. म्हणून सूचना सगळ्यांकडून घ्याव्यात, पण त्यातली तीन-चार नावं कीपरनीच निवडावीत. अर्थ तपासावा, स्टडबुकमध्ये तेच नाव आधी किती अस्वलांना आहे ते पाहावं, जाळीशी उभं राहून प्रत्येक नावाने मोठ्याने हाक मारून बघावी, आणि मगच मतदान. कीपरच्या तोंडी एखादं नाव आधीच बसलं असेल तर ते यादीत हवंच. न्यूर्नबर्गला 2007 च्या पिल्लासाठी हजारो नावं आली, पण ठरलं ते कीपर आधीपासून वापरत असलेलं ‘फ्लॉके’, म्हणजे हिमकण.

देव, धर्म, राजे, पुढारी यांची नावं नकोत. 2024 मध्ये सिलिगुडीला सिंहाच्या जोडीच्या ‘अकबर’ आणि ‘सीता’ या नावांवरून प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात गेलं. त्या मुक्या जिवांचा त्यात काय दोष? आपल्या राणीच्या बागेत डोनाल्ड, डेझी, पॉपाय अशा पेंग्विनांच्या नावांवरही मराठी नावं का नाहीत, अशी विचारणा झाली. ती रास्त आहे, पण ती नामकरणाच्या आधी झाली पाहिजे. हाकेला ओ द्यायला शिकलेल्या प्राण्याचं नाव मागाहून बदललं की कीपरची मेहनत वाया जाते.

रानातल्या अस्वलांनाही संशोधक नावं ठेवतात का? (एक वाचक, वास्को)

बहुधा नाही, क्रमांक देतात. तुमच्या वास्कोतली ध्रुवीय संशोधन संस्था स्वालबार्ड या नॉर्वेच्या बेटांवर नी-ऑलेसुंडला ‘हिमाद्री’ हे केंद्र 2008 पासून चालवते. तिथे वस्तीबाहेर पडताना अस्वलांपासून बचावासाठी बंदूक सोबत ठेवावी लागते. तिथल्या अस्वलाला हाक मारायची नसते, त्याच्यापासून लांब राहायचं असतं.

संशोधक हेलिकॉप्टरमधून भूल देतात, कानाला क्रमांकाचा बिल्ला लावतात आणि तोच क्रमांक वरच्या ओठाच्या आतल्या बाजूला गोंदतात, कारण झटापटीत कान फाटून बिल्ला पडतो. वय कळावं म्हणून सुळ्यामागचा एक बारीकसा, बिनकामाचा दात काढतात. त्याच्या चकत्या करून पाहिलं की झाडाच्या खोडासारखी वर्षं मोजता येतात. उपग्रहाला खबर देणारा पट्टा मात्र माद्यांच्याच गळ्यात दिसेल. नराची मान डोक्यापेक्षा जाड असते, तो पट्टा पंजाने पुढे ढकलून काढून टाकतो.