माप घेताय खरं, पण कुठून?

यावेळच्या टपालात एक भलताच पाहुणा आहे, रायफलचं काडतूस. गंमत म्हणजे ते माझ्याच दारात आलं, कारण नोकरी टूलरूमच्या इन्स्पेक्शनमध्ये झाली, रविवार वरळीच्या रेंजवर .२२ घेऊन पोटावर पडून गेले, आणि मुलगी ॲरिझोनात असल्यामुळे दोन हिवाळे तिच्या शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये त्याच्या रीलोडिंग प्रेसशेजारी, म्हणजे घरी काडतुसं भरायच्या यंत्राशेजारी, चहा पीत बसलोय. तेव्हा आधी त्याचंच घेऊ, बाकीचे प्रश्न मागाहून.

प्रश्न (भांडुप) : माझा भाचा टेक्सासला असतो, घरीच काडतुसं भरतो, तिकडे चालतं म्हणे. .३०८ च्या काडतुसासाठी त्याने गोळी दाबून बसवणारी डाय २.७९० इंचाला सेट केली, पण दहा काडतुसं मोजली तर २.७८४ पासून २.७९७ पर्यंत काहीही येतंय. डाय खराब म्हणून परत पाठवायला निघालाय. डिजिटल कॅलिपर चांगल्या कंपनीचा आहे. चूक कुठे आहे?

भाच्याला आधी फोन करा आणि डाय परत पाठवू नकोस म्हणावं. डाय बहुतेक ठणठणीत असणार, कॅलिपरही ठीक असणार, हा मोजतोय ती जागाच चुकीची आहे.

तो पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळीच्या, बुडापासून गोळीच्या टोकापर्यंत मोजतोय. आता त्या गोळ्यांचा डबा उघडून टोकं भिंगाखाली बघायला सांगा. सॉफ्ट पॉइंट, म्हणजे उघड्या शिशाच्या टोकाची असेल तर शिसं कुठे दबलेलं, कुठे वाकलेलं, आणि मॅचवाल्या (स्पर्धेच्या) होलो पॉइंट, म्हणजे टोकाला भोक असलेल्या गोळ्या असतील तर टोकाशी तांब्याची कड चक्क चावल्यासारखी दातरी दिसते. एकाच डब्यातल्या गोळ्यांच्या लांबीत आठ-दहा थाऊचा फरक सहज असतो, त्यामुळे त्याचे तेरा थाऊ बघून मला अजिबात धक्का बसला नाही. (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिमी. टूलरूमची पोरं अजून थाऊच म्हणतात, मीही.)

मेख अशी की डायमधला दांडा, ज्याला सीटिंग स्टेम म्हणतात, तो टोकावर दाबतच नाही, टोकाच्या खाली गोळीची जी गोलाई असते, ओजाइव्ह, तिच्यावर दाबतो. म्हणजे डाय एका जागेवरून दाबतेय आणि हा दुसऱ्या जागेवरून मोजतोय, मग दोघांचा हिशोब जुळणार कसा? बॅरलच्या आतही तेच, रायफलिंगला, म्हणजे नळीतल्या पिळदार खाचांना, आधी टेकते ती गोलाई, टोक हवेतच असतं.

म्हणून कंपॅरेटर घ्यायचा. नाव मोठं, वस्तू साधी, कॅलिपरच्या एका जबड्याला स्क्रूने बसणारा ठोकळा आणि त्यात साधारण बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) मापाचं भोक असलेला इन्सर्ट. गोळीचं नाक भोकात जातं, गोलाई काठावर टेकते, टोक आत लोंबकळत राहतं. ठोकळा लावून जबडे बंद करून झीरो करायचं आणि मग बुड ते ओजाइव्ह मोजायचं. तीच दहा काडतुसं अशी मोजली तर तेराचे दोन-तीन थाऊवर येतील असा माझा अंदाज आहे. शून्यावर नाही येणार, कारण स्टेम गोलाईला जिथे टेकतो आणि कंपॅरेटर जिथे टेकतो त्या दोन जागाही एक नाहीत, आणि गोलाईसुद्धा गोळीगणिक केसभर वेगळी असते.

दोन गोष्टी त्याला बजावून सांगा. कंपॅरेटरचा आकडा हा फक्त त्याच्या त्या कंपॅरेटरचा, मित्राचा आकडा घेऊन आपली डाय लावायची नाही, इन्सर्टचं भोक जरा मोठं-लहान असलं की आकडा बदलतो. आणि काडतूस जबड्यांत धरून हलकेच फिरवायचं, जरा डुलवायचं आणि सगळ्यात कमी येणारा आकडा धरायचा, कारण तिरकं बसलं की माप वाढूनच येतं. वापरलेल्या पुंगळ्या मोजताना जुना प्राइमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) आधी काढून टाकायचा, तो जरासा जरी बाहेर आलेला असला तरी बुडाच्या ऐवजी आपण त्याचंच माप घेत बसतो.

टोकापर्यंतचं माप मात्र अगदी फेकून द्यायचं नाही. .३०८ विंचेस्टरची पूर्ण लांबी जास्तीत जास्त २.८०० इंच, म्हणजे ७१.१२ मिमी ठरलेली आहे, मॅगझिनमध्ये, म्हणजे रायफलच्या काडतूसपेटीत, काडतूस बसायला तेवढं माप लागतंच. बसतंय की नाही बघायला टोक, आणि खोली सारखी आहे की नाही बघायला ओजाइव्ह.

प्रश्न (तोच भाचा, मामांच्या मोबाइलवरून) : गोळी पुंगळीत नक्की किती आत गेलीय ते कसं काढायचं? आणि माझ्या रायफलमध्ये ती रायफलिंगला कुठे टेकते हे घरच्या घरी कळेल का?

पहिल्याचं उत्तर चौथीच्या गणितातलं. पुंगळीची लांबी अधिक गोळीची लांबी, त्यातून पूर्ण काडतुसाची लांबी वजा. पुंगळी ५१ मिमी, गोळी ३१, काडतूस ७१, तर गोळी ११ मिमी आत. इथे टोकापर्यंतचं माप चालतं, अट एकच, गोळी तीच हवी, म्हणजे तिचं टोक जसं असेल तसं दोन्हीकडे येतं आणि वजाबाकीत कटतं.

दुसऱ्यासाठी मला क्लीनिंग रॉडची पद्धत आवडते, ॲरिझोनाच्या त्या शेजाऱ्याने दाखवलेली. रायफल रिकामी आहे हे दोनदा बघायचं, जिवंत काडतूस त्या खोलीतच नको. बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा सरकता दांडा, कॉक करून (चाप ताणून) बंद करायचा, म्हणजे प्राइमरवर आपटणारी फायरिंग पिन मागे राहते, नाहीतर रॉड बोल्टऐवजी पिनलाच टेकतो आणि सगळं मुसळ केरात. मग सपाट टोकाचा रॉड नळीच्या तोंडातून आत बोल्टला टेकेपर्यंत घालायचा आणि तोंडापाशी रॉडवर ब्लेडने बारीक खूण करायची. आता बोल्ट काढायचा, मागून एक सुटी गोळी नाक पुढे करून सोडायची, पेन्सिलीने हलकेच ढकलायची, रायफलिंगला टेकली की ती थांबते. पेन्सिल तशीच धरून पुढून रॉड परत घालायचा, गोळीच्या टोकाला टेकला की दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे ती गोळी टेकलेली असतानाची पूर्ण लांबी.

मग तीच गोळी, तीच बरं का, दारू आणि प्राइमर नसलेल्या पुंगळीत तेवढ्याच लांबीला बसवायची आणि कंपॅरेटरने मोजायची. हा आकडा वहीत लिहायचा. असं पाच वेळा करायचं, कारण पेन्सिल जोरात दाबली की गोळी रायफलिंगमध्ये रुतते आणि माप वाढतं. शेजारी दाबायचा ते आणि मी दाबायचो ते यात पहिल्या दिवशी नऊ थाऊचा फरक पडला होता, मग मी दोन बोटांत पेन्सिल धरायला शिकलो.

त्या आकड्यातून बरेच जण वीस थाऊ मागे येऊन सुरुवात करतात. पण खोली बदलली की प्रेशर बदलतं हे विसरायचं नाही. गोळी जास्त आत गेली की दारूची जागा कमी होऊन प्रेशर वाढतं, आणि उलट गोळी रायफलिंगला भिडवूनच ठेवली तर तिला धावायला जागा मिळत नाही, तेव्हाही वाढतं. म्हणून लोडिंग मॅन्युअलमध्ये दिलेली लांबी सोडून कुठे जायचं असेल तर दारूचं वजन परत तळापासून सुरू करायचं, एकदम वरच्या आकड्याला हात घालायचा नाही.

प्रश्न (डोंबिवली) : माझ्याकडे शस्त्र परवाना आहे. असा प्रेस आणून मी इथे घरी काडतुसं भरू शकतो का?

नाही. शस्त्र बाळगायचा परवाना वेगळा आणि दारूगोळा बनवायचा वेगळा, १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ मध्ये ते आहे. वरचं सगळं टेक्सासच्या भाच्यासाठी होतं.

प्रश्न (ठाणे) : मुलगा .२२ ने ५० मीटर नेमबाजी करतो. स्वप्नील कुसाळेंनी पॅरिसला पदक घेतल्यापासून घरात दुसरा विषयच नाही. आता तो प्रत्येक काडतूस कॅलिपरने मोजत बसतो. उपयोग होतो का?

ताई, २०२४ च्या त्या ब्राँझनंतर अर्ध्या महाराष्ट्राच्या घरात हीच परिस्थिती आहे, तुम्ही एकट्या नाही! पण .२२ हे रिमफायर, स्फोटक मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो, आणि गोळीची खोली कारखान्यातून येते ती येते, तिला हात लावायचा नाही, दाबून तर मुळीच नाही. शिवाय गोळी उघड्या शिशाची आणि मेण लावलेली, कॅलिपर लागला की तिच्यावर ओरखडा. म्हणजे मोजून मोजून चांगलं काडतूस तोच बिघडवतोय. त्यापेक्षा वेगवेगळ्या लॉटचं (कारखान्याच्या खेपेचं) एकेक पाकीट घेऊन कोचसमोर त्याच्याच रायफलमधून ग्रुप, म्हणजे कागदावर छिद्रांचा पुंजका, काढू दे, जो लॉट कमी पसरेल त्याचे डबे घ्यायचे. रायफलच सांगते तिला काय आवडतं.

प्रश्न (मुलुंड) : पावसाळ्यात डिजिटल कॅलिपरचे आकडे आपोआप उड्या मारतात. सेल नवीन आहे.

पट्टीवर ओल आहे. आतला सेन्सर कपॅसिटिव्ह असतो, पाण्याचा किंवा कूलंटचा पातळ थर आला की त्याला भास होतात. जून ते सप्टेंबर मी पट्टी रोज स्पिरिटच्या फडक्याने पुसायचो आणि पेटीत सिलिका जेलची पुडी टाकायचो. आणि सेल नवीन म्हणजे कुठला? एलआर४४ चं व्होल्टेज हळूहळू उतरत जातं, एसआर४४ चं शेवटपर्यंत टिकतं, पाच-पन्नास रुपये जास्त जातील पण तोच घाला.

प्रश्न (साकीनाका) : ॲल्युमिनियम हाउसिंगमध्ये बेअरिंगच्या सीटची खोली १८.०० मिमी हवी. व्हर्नियरच्या मागच्या दांडीने मी १८.०० मोजतो, कस्टमर १७.९० सांगून माल परत पाठवतो. कोण खोटं बोलतंय?

कोणी नाही बहुतेक, दांडी बोलतेय. व्हर्नियरची मागची बाजू म्हणजे बोटभर रुंदीचं बूड, ते फेसवर (जॉबच्या वरच्या सपाट बाजूवर) जरा डुललं की दांडी तिरकी जाते आणि खोली जास्त दिसते. तुमचा आकडा कस्टमरपेक्षा जास्तच आहे, बघा. डेप्थ मायक्रोमीटर घ्या, रुंद बेसचा. बेस डाव्या हाताने घट्ट दाबून धरायचा आणि फक्त रॅचेटने (टोकाच्या कटकट वाजणाऱ्या मुठीने) फिरवायचं, थिंबल (आकड्यांची फिरती नळी) पिळलीत तर रॉड तळाला टेकून बेसच वर उचलला जातो. त्याचे आकडे नेहमीच्या मायक्रोमीटरच्या उलटे चालतात, पहिले चार दिवस सगळेच चुकतात.

आणि मोजायच्या आधी फेसवरून नख फिरवा. शिकाऊ असताना मी चाळीस बुश मोजून ओके केले होते, सगळे ०.१५ ने कमी निघाले, कारण कडेला बर (कापताना राहिलेली धारदार कड) होती आणि मी मापी बरवर टेकवत होतो. साहेब काही बोलले नाहीत, नुसती कानस माझ्या हातात दिली आणि संध्याकाळच्या लोकलची वेळ टळून गेली तरी मी घासत बसलो होतो. बर काढा, मशीनवरून उतरलेला गरम जॉब लगेच मोजू नका, एका पीसवर दोघांनी मिळून मोजा. तरीही फरक राहिला तर १८ च्या स्लिप गेजवर (अचूक मापाच्या प्रमाण ठोकळ्यावर) दोघांचे मायक्रोमीटर तपासा, स्लिप तुमच्याकडे नसतील तर कस्टमरकडे असतीलच.